कोरी बोट

या माउलींनो, असे जवळ सरकून बसा. एका रंग न लागलेल्या बोटीची कथा सांगते.

आमच्या शेजारच्या दादांनी निवृत्तीनंतर हातभर लांबीची लाकडी बोट बनवली, पण ती रंगवायची कशाने, यावर घोडं अडलं. त्यांचे दोन मित्र होते: घड्याळजी म्हणायचे स्प्रेचा कॅन, दातांचे डॉक्टर म्हणायचे एअरब्रश, म्हणजे हवेच्या दाबाने बारीक रंग फवारणारं यंत्र. दोघं रोज संध्याकाळी येऊन तावातावाने भांडायचे, आणि दादा आज याची बाजू घ्यायचे, उद्या त्याची. त्यातच त्यांना देवाचं बोलावणं आलं.

वहिनी एकट्या पडल्या. निदान त्यांच्या डोळ्यांसमोर बोट पुरी व्हावी, म्हणून दोघं आपापलं सामान घेऊन आले.

"कॅनचा जाड थर बसला की कोरीवकाम बुजलंच म्हणून समजा!" डॉक्टर म्हणाले.

"आणि तुमचं ते यंत्र? चमचाभर रंग मारायचा नि तासभर धूत बसायचं!" घड्याळजी उसळले.

अंधार पडला तरी ठरेना. शेवटी दोघं ओशाळून उठले. "वहिनी, माफ करा. आम्हाला एवढंही जमलं नाही."

वहिनी हसल्या. "त्यांचं कधीच ठरलं होतं हो. साधा ब्रश आणून ठेवलाय कपाटात. पण म्हणायचे, बोट रंगली की हे दोघं कशाला येतील?"



बोट अजून कोरीच आहे, आणि भांडण रोज वहिनींच्या ओट्यावर रंगतं. माउलींनो, हात जोडाल तेव्हा त्या लबाड दादांची आठवण असू द्या.