निवळलेली बाटली

ये गं सगुणा, बस. बाटल्या धुवायला लागायच्या आधी माझा एक गाढवपणा ऐक.

लॅबात शाल्मलीताई बाटल्यांत निळसर-हिरवं शेवाळ वाढवतात. एक बाटली पाण्यासारखी निवळली होती. शेवाळ मेलं समजून मी ती मोरीत ओतली.

ताई मोरीकडे धावल्या. "काका, शेवाळ मारणारा विषाणू होता त्यात! दोन वर्षं तळी धुंडाळून सापडलेला. शेवाळाच्या आत त्याची डोकी वेगळी बनतात, शेपट्या वेगळ्या, मग आपोआप जुळून नवे विषाणू होतात नि शेवाळ फोडून बाहेर येतात. म्हणून तर पाणी निवळलं! बाटली धुतलीत?"

"नाही. चहाला गेलो होतो."

तळाशी थेंबभर उरलं होतं. ताईंनी ते शेवाळानं हिरव्यागार दुसऱ्या बाटलीत टाकलं. चौथ्या दिवशी तीही निवळली, तेव्हा कुठं मला जेवण गेलं.

बये, निवळलेली बाटली दिसली, तर आधी ताईंना हाक मार.