काचेची कुपी

"मघाशी तीन शब्द सांगितले होते. आठवतात का?"

सर खिडकीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "टोपी."

"आणि?"

"टोपी पुरे झाली की. डोकं तर एकच आहे!"

शेजारी बसलेल्या त्यांच्या बायकोला, काकूंना, हसू आलं. स्मृतीची चाचणी घेणारी बाई हसली नाही. तिने एक गुण दिला, दोन कापले. तीसपैकी एकोणीस झाले होते आणि एकच प्रश्न उरला होता. नव्या औषधाच्या प्रयोगात शिरायला निदान वीस लागत. त्याखालच्यांचा आजार फार पुढे गेलेला असतो, त्यांना गोड बोलून घरी पाठवायचं.

औषध म्हणजे एक पेप्टाइड, प्रथिनाचा इवलासा तुकडा. पेशीतल्या मायटोकाँड्रियात, म्हणजे तिच्या ऊर्जाघरात, तो तयार होतो आणि मरू घातलेल्या मेंदूच्या पेशींना जगवतो, निदान उंदरांत तरी. म्हातारपण सुखाचं करणारं औषध म्हणून त्याचा बाहेर आत्ताच गवगवा झाला होता. ज्यांच्या नावाने हा गवगवा सुरू झाला, तेच सर तिच्यासमोर बसून टोपीवर विनोद करत होते.

ओळखीचा माणूस आला तर फाइल दुसऱ्याकडे द्यायची, असा नियम होता. तिने दिली नाही. सरांनी तिला ओळखलंच नव्हतं, म्हणजे ओळख एकाच बाजूची होती.

"यांनीच शोधलंय बरं का हे," काकू म्हणाल्या. "अहो, सांगा ना यांना ती नळीची गोष्ट."

सर ताठ बसले. आजचा वार न सांगता आलेला माणूस घडाघडा बोलू लागला. "दोन वर्षं पेशी मरत होत्या. सगळे म्हणाले, हे कुचकामी आहे. एक दिवस मला वाटलं, अरे, ते पेशींपर्यंत पोचतच नाहीये! प्लास्टिकच्या नळीला आतून चिकटून बसतंय. म्हटलं, काचेत ठेवा. ठेवलं. आणि जगल्या की पेशी!"

सगळं तिचं होतं. फक्त 'मी' तेवढा सरांचा. ती तेव्हा त्यांची विद्यार्थिनी होती, आणि प्लास्टिकची चूक सापडताच ती सांगायला धावत त्यांच्या खोलीत गेली होती. सहा महिन्यांनी शोधनिबंध छापून आला, त्यात तिचं नाव नव्हतं. विचारायला गेली, तर सरांनी तिच्या शिफारसपत्रात लिहिलं, 'हात प्रयोगाला योग्य नाहीत.' आयत्या बिळावर नागोबा बसतो, ते एक वेळ ठीक. इथे तर नागोबाने बीळ खणणारीलाच हाकलून दिलं होतं. त्यानंतर एकवीस वर्षं ती दुसऱ्यांच्या प्रयोगांत टोपी, नदी, चावी विचारत आली होती.

"तेव्हा तुमच्या हाताखाली एक मुलगी होती ना, सर?"

"मुलगी?" सरांनी खरंच आठवून पाहिलं. कपाळाला आठ्या पडल्या. "नाही बुवा. एकटाच होतो मी."

खोटं बोलले असते तर परवडलं असतं. खोटं बोलणाऱ्याला निदान खरं काय ते माहीत असतं. आज तोंडावर काय काय बोलायचं, हे तिने कितीदा घोकलं होतं! पण मेलं कोंबडं आगीला भीत नाही. ज्याला गुन्हाच आठवत नाही, त्याला शिक्षा कसली करणार? हा माणूस सुटला होता, आणि वर मजेत होता. तिच्या अंगाचा तिळपापड झाला.

तिने कागद-पेन्सिल पुढे सरकवली. "मनातलं कोणतंही एक वाक्य लिहा."

"बाई, बघा हो काहीतरी," काकू हळूच म्हणाल्या. "काल मलाच विचारत होते, तुम्ही तुमच्या घरी कधी जाणार म्हणून."

सरांनी लिहिलं. अक्षर जुनंच, ठसठशीत: 'प्लास्टिकची चूक मी पकडली.'

तिने ते वाचलं. वाक्याचा अर्थ लागला तर एक गुण, असं चाचणीच्या पुस्तिकेत होतं. ते खरं असलं पाहिजे, असं कुठेच नव्हतं. शून्य देणं सोपं होतं. अक्षर लागत नाही म्हटलं असतं, तरी कुणी विचारलं नसतं. मग सर घरी जातील आणि उरलंसुरलंही विसरतील, काकूंना, स्वतःला. तिला तर ते विसरलेच होते.

एवढी सूट द्यायची त्यांना?

तिने एक लिहिला. वीस.

काकूंना रडू कोसळलं. "तुमचे उपकार कसे फेडू, बाई..."

"उपकार नाहीत, काकू," ती म्हणाली. आणि ते खरंच नव्हते.

नर्सने ट्रे आणला. निम्म्या कुप्यांत औषध, निम्म्यांत नुसतं मिठाचं पाणी. कुठल्या कुपीत काय, हे इथे कुणालाच कळू द्यायचं नसतं. इतक्या वर्षांत कुणाच्या वाट्याला काय आलं, याचा तिने कधी विचार केला नव्हता. आज तिने मनात हात जोडले. देवा, खरं औषध असू दे. लागू पडू दे. आधी वार आठवू दे, मग काकू, मग मी.

कुपी काचेची होती. आता सगळीकडे काचेचीच असते.

"मी देते," ती नर्सला म्हणाली. तिने सरांची बाही वर केली आणि सुई टोचली.

"अरे वा, कळलंसुद्धा नाही!" सर खूश होऊन म्हणाले. "हात छान आहे हो तुमचा. कोण तुम्ही?"

तिने टोचल्या जागी कापूस दाबून धरला.

"आधी बरे व्हा, सर. मग सांगते."