पुसलेली आळी

"एवढा पगार देतेत, तर तू करती काय गं ताई तिथं नेमकं?" बांधावरून चालता चालता देवानंदनं विचारलं.

हा त्याचा दर खेपेचा प्रश्न, आणि साधना दर खेपेला तो हसण्यावारी न्यायची. आज नेला नाही. हसनाबादच्या या तीन एकरांत ती कितीतरी वर्षांनी पाय ठेवत होती. वडील जाताना हे रान तिच्या नावावर करून गेले, ती नोकरीसाठी पुण्यात आणि रान कसायला धाकटा भाऊ, असं चाललं होतं. आता देवानंदला तिथं मोसंबी लावायची होती. बाग एकदा लागली की वीस वर्षं हलत नाही. म्हणजे रान यापुढे फक्त नावाला तिचं, हे दोघांनाही कळत होतं.

"तू हो म्हणल्याबिगर मी मातीला हात लावत न्हाई," असं तो फोनवर म्हणाला होता. आधी येऊन बघते, मग सांगते, असं तिनं कळवलं. खरं तर हो म्हणायचं तिनं गाडीत बसतानाच ठरवून टाकलं होतं. शाळा कुठली, लग्न कुणाशी, या घरानं तिला कधीच काही विचारलं नव्हतं. हे पहिलंच विचारणं होतं, आणि त्याचं तिला रानापेक्षा जास्त अप्रूप होतं. एकदा त्या मातीवरून चालायचं आणि आपल्या तोंडानं हो म्हणायचं, एवढंच तिला हवं होतं.

म्हणून तिनं त्याला नीट समजावून सांगितलं. कॉम्प्युटरच्या प्रोसेसरला थांबणं जमत नाही. कुणी काही मागितलं, की ते द्यायची परवानगी आहे का, हे आधी तपासायचं असतं. पण तेवढा दमही त्याला निघत नाही. परवानगी मिळेलच असं धरून तो ती वस्तू आधीच काढून आणतो. मिळाली तर वेळ वाचला. नाही मिळाली तर केलेलं सगळं पुसून, काही झालंच नाही असा उभा राहतो.

"मंग बिघडलं कुठं? पुसलं ना बराबर?"

"खूण राहते. ती ज्याला ओळखता येते त्याला आतलं सगळं कळतं, पासवर्डसुद्धा."

ऑपरेटिंग सिस्टिमच्या कोडमध्ये अशा जागा हुडकायच्या आणि परवानगी येईपर्यंत पुढं जायचं नाही, असा अडसर तिथं घालायचा, हे तिचं काम. ते कुणालाच आवडत नाही, कारण मशीन हळू चालतं. त्यातले निम्मे अडसर काढून टाका, असं कालच साहेबांनी मीटिंगमध्ये सांगितलं होतं.

"साहेबाचं बिलकुल बराबर हे," देवानंद म्हणाला. "समोरचा शंभरदा होच म्हणणार असंल, तर थांबून टाइम कशाला घालायचा?"

साधना काही म्हणणार होती, तेवढ्यात तिचा पाय खचला.

कपाशी उपटून मोकळं झालेलं रान फेब्रुवारीच्या उन्हात कडक वाळलं होतं, जागोजाग भेगा पडल्या होत्या. पायाखालची माती मात्र भुसभुशीत आणि आतून ओली होती. वरून फळी फिरवून ती सपाट केलेली, तरी काळा गोल लपत नव्हता. झाडाभोवती पाण्यासाठी आळं करतात, तेवढाच गोल. चार पावलं पुढं दुसरा. त्याच्या रेषेत तिसरा. ती तशीच पार पलीकडच्या बांधापर्यंत बघत राहिली.

"पाइप फुटल्ता," देवानंद म्हणाला.

"असा ओळीनं?"

तो शेजारच्या रानाकडं बघायला लागला.

तिला सगळं उमगलं. ती हो म्हणेल असं धरून त्यानं बाग लावून टाकली होती. येऊन बघते म्हटल्यावर घाबरला, कलमं उपटली, आळी मोडली. रानाचं तिला वाईट वाटलं नाही. एवढी सारवासारव करायला याला सवड होती आणि आपल्या एका शब्दासाठी थांबायला नव्हती, याचा तिला संताप आला. आणि त्याचा अंदाज बरोबर होता, हे तर फारच लागलं.

परत बांधाशी आल्यावर त्यानं मऊ आवाजात विचारलं, "मंग काय ठरलं, ताई?"

"थांब. पावसाळा झाल्यावर सांगते."

"पावसाळा? तवर कलमं जगतेत का?"

बोलून गेल्यावर त्याचं त्याला कळलं. त्याची नजर नको तिथं, गुरांच्या कोठ्याकडं गेली. साधना तिकडं चालू लागली. तो मागून काहीतरी सांगत होता, मजुरांचं, रोपवाटिकावाल्याच्या घाईचं. ती थांबली नाही.

कोठ्यामागं सावलीत ओलं गोणपाट पसरलेलं होतं. तिनं ते उचललं. मोसंबीची कलमं एकावर एक आडवी पडली होती. मुळं उघडी होती, पानं मिटायला लागली होती.

"हो म्हणायलाच आल्ते रे, देवानंद," ती म्हणाली, आणि गोणपाट होतं तसं नीट झाकून ठेवलं.