मागितलेलं कापड

"चांगलं नोको शकुंतलाबाई, फाटकंच द्या," आई म्हणाली. कोकिळाला वाटलं, इथल्या इथे धरणीनं पोटात घ्यावं.

सकाळपासून आई तिला घेऊन कारंजा गावात घरोघर पदर पसरत होती. मागत काय होती, तर व्यायाम मंडळाचे जुने टी-शर्ट! पोरगी दचकली आहे, मागितलेल्या कापडाचं शिवून अंगात घातलं की भेव जाते, असं सांगायची. अशा कामाला आलेल्या बाईला कोणी रिकाम्या हातानं पाठवत नाही. पाठवलं तर ते भेव आपल्याच घरात मुक्कामाला येतं, ही सगळ्यांची पक्की समजूत. शकुंतलाबाई म्हणजे मंडळाचे अध्यक्ष बापूराव यांची बायको. त्यांनीही पोतेऱ्यासाठी ठेवलेला एक टी-शर्ट लगेच काढून दिला. आईनं तो काखेत मारला आणि कापड पुरलं म्हणून थेट घर गाठलं.

दचकली म्हणे! कोकिळाच्या डोक्यात सणक गेली. ती दचकली नव्हती, संतापली होती.

आठवड्यापूर्वी संध्याकाळी एस.टी. स्टँडवर लाइन गेली आणि अंधारात कोणीतरी तिला मागून धरलं. ती ओरडली, वळली, हाताला लागेल ते ओढलं. तो पळाला. दिवे आले तेव्हा तिच्या मुठीत त्याच्या टी-शर्टचा खिसा होता, भोवतालच्या कापडासकट फाटून आलेला. खिशावर मंडळाचा शिक्का. पण गणपतीत मंडळानं गावच्या साऱ्या पोरांना तसेच पांढरे टी-शर्ट वाटले होते. आणि तोंड तर तिनं पाहिलंच नव्हतं.

"बबनराव, नाव सांगा, आत्ता तंगडं तोडतो त्याचं," बापूराव तिच्या वडिलांना म्हणाले होते. "नाव नसन तं पोरीले घरात ठेवा. मंडळाच्या पोरायची फुकट बदनामी नोको." शेजारी त्यांचा मुलगा वासू शहाण्यासारखी मान हलवत उभा होता.

वडिलांनी ऐकलं. कॉलेज बंद. शाळेच्या मैदानावर दर रविवारी कराटेचा नवा क्लास सुरू झाला होता, त्याचं तर नावच काढायचं नाही. "नाव आन, मंग जाय कुठं जाचं तं," एवढंच ते बोलले. जिनं सोसायचं तिनंच घरात बसायचं, हा कुठला न्याय!

आणि आई? आईनं मुठीतला तो तुकडा काढून घेतला आणि स्वयंपाकघरात गेली. घातला असेल चुलीत. त्या आईचा कोकिळाला सगळ्यात जास्त राग आला.

आता आई शिलाई मशीनवर बसली होती. जन्मभर तिनं शेतकऱ्यांच्या बंड्या शिवल्या. मागून आणलेल्या टी-शर्टांचा कराटेचा ड्रेसही तिनं बंडीच्याच बेतावर काढला, छातीवर पदर आणि बाजूला बंद. टी-शर्टचं कापड सुईखाली ताणायचं, ती उसवून पुन्हा घालायची.

"क्लासले जाऊ देत नाई, तं डरेस काऊन शिवून राह्यली?" कोकिळा फुटलीच. "साऱ्या गावात भीक मांगत फिरली, पन त्या मेल्याले एक शिवी नाई देल्ली तू!"

आईनं दातानं दोरा तोडला. "कोनाले देऊ? नाव मालूम हाय तुले?"

कोकिळानं दार आपटलं.

दुसऱ्या दिवशी ड्रेस तयार झाला. पाठीचा अख्खा भाग एकाच टी-शर्टचा होता आणि त्याच्या एका बाजूला तळहाताएवढं भोक होतं.

"हे बुजवलं काऊन नाई?"

"घाल. ज्यायनं कापड देल्लं त्यायले दाखवा लागते."

आई तिला सरळ बापूरावांच्या ओसरीवर घेऊन गेली. बापूराव मंडळाच्या चार माणसांत बसले होते. वासू खांबाला टेकून शेंगा फोडत होता. कोकिळाचे कान तापले. आईनं तिला खांद्याला धरून वळवलं, सगळ्यांकडे पाठ करून.

बापूराव खो खो हसले. "मनकर्णाबाई, एवढं गाव मांगलं अन् पाठीले कापड पुरलं नाई?"

"पुरलं ना. एक तुकडा माह्याच घरी होता."

आईनं पदराची गाठ सोडली. खिसा बाहेर आला, शिक्क्यासकट. कोकिळानं मान वळवून पाहिलं. तो चुलीत गेलाच नव्हता! आईनं तो तुकडा तिच्या पाठीवरच्या भोकावर ठेवला, कडेला कड लावली आणि तळहातानं दाबून धरला. त्या दाबातला राग कोकिळाला पाठीतून कळला. एवढा राग आईनं कुठे ठेवला होता?

हसणं थांबलं. शेंगा फोडायचा आवाजही थांबला.

"नाव पायजे होतं ना, बापूराव?" आई म्हणाली. मग तिनं आत हाक मारली, "शकुंतलाबाई, जरा बाहेर येता का? हे पाठीचं कापड कोन्या घरचं, वळखू येते?"

शकुंतलाबाई पिठाचे हात पुसत बाहेर आल्या. त्यांनी कौतुकानं कोकिळाच्या पाठीकडे पाहिलं.

"आवं माय, वळखू येनार नाई तं काय? मीनंच तं देल्ला. आमच्या वासूचा हाय तो."