खुर्चीतला पेशंट

दातांचा दवाखाना उघडून सहा महिने झाले, तरी पेशंटच्या खुर्चीत जास्त वेळ मीच बसत होतो. संध्याकाळी आईचा फोन आला की पायाने पेडल दाबायचं आणि ड्रिल हवेतच फिरवायचं, हे ठरलेलं. तो आवाज ऐकून आई निर्धास्त व्हायची. "कामात आहेस, ठेवते," म्हणायची. आजही फिरवलं, वर रिकाम्या खुर्चीला दटावलंसुद्धा, "तोंड मिटू नका हो." पण आईने फोन ठेवला नाही. "मन रमतंय ना रे तिथे?" "मान वर करायला फुरसत नाही बघ." "पेशंट कधीच कसे काही बोलत नाहीत तुझे?" "ड्रिल तोंडात असताना कसं बोलणार, आई?" ड्रिल फिरतच होतं. मग आई हळूच म्हणाली, "बरं. त्या पेशंटला सांग, काही नाही बोललास तरी चालेल. चार दिवस घरी ये म्हणावं."