सहावा फोटो

"आज दुपारपर्यंत सहावा फोटो पाहिजे, अंगद. जखम भरलेली दिसली पाहिजे! नाहीतर नांदेड-लातूरचा एरिया दुसऱ्याला देतो. मग बस घरी."

मॅनेजरनं फोन ठेवला. अंगद चाकूरला, म्हाताऱ्या लक्ष्मणरावांच्या ओसरीवर उभा होता. महिन्यापूर्वी याच ओसरीवर, त्यांच्या देखत, साहेबानं अंगदला असंच झापलं होतं. म्हातारा नुसता बघत राहिला होता.

अंगद जखमेवर लावायच्या फोमच्या पट्ट्या विकायचा. लक्ष्मणरावांच्या डाव्या टाचेचे पाच फोटो त्याच्या मोबाइलमध्ये होते. शुगरची जखम, रुपयाएवढी. ते दाखवायला नांदेडच्या विष्णुपुरीपासून चाकूरपर्यंत एक डॉक्टर सोडला नव्हता त्यानं. प्रत्येक फोटोत जखम थोडी लहान दिसायची.

गावच्या डॉक्टरांनी लातूरला न्यायला सांगितलं होतं. अंगदच म्हणाला होता, "थोडं थांबा, बाबा. माझ्यावर विश्वास ठेवा."

त्यानंतर मीटिंगा लागल्या आणि तीन आठवडे येणं झालं नाही. फोनवर बाबांच्या बायको, रुक्मिणबाई, एवढंच म्हणायच्या, "हाय, बरं हाय."

आज येताना त्यानं बाबांसाठी मऊ चपलांचा जोड आणला होता. शुगरवाल्यांच्या असतात तसल्या.

लक्ष्मणराव आतल्या खोलीत खाटेवर होते. कमरेपर्यंत वाकळ. तोंड सुकलेलं.

"ये बाबा. लई दिवसांनी आलास."

"पाय दाखवता ना? आज फोटो गेला नाही तर माझी नोकरी गेलीच समजा."

"जाती कशी? म्या हाय की."

त्यांनी हळूच वाकळीतून पाय बाहेर काढला. रुक्मिणबाईंनी बाकीची वाकळ नीट खोचली आणि त्या भिंतीकडे बघत उभ्या राहिल्या.

अंगद वाकला. अरे वा! टाच स्वच्छ. जखमेचा डागसुद्धा नाही. त्याला भरूनच आलं. आपल्या मालानं एका माणसाचा पाय वाचवला! त्यानं घाईघाईनं फोटो काढला, तिथूनच पाठवला.

"बाबा, जिंकलो आपण!"

"चांगलं झालं, लेका," लक्ष्मणराव म्हणाले आणि त्यांनी डोळे मिटले.

साहेबाचा लगेच निरोप आला, 'शाब्बास!' सोमवारी लातुरात डॉक्टरांपुढे सहाही फोटो मोठ्या पडद्यावर लागणार होते. अंगदनं चपलांचा जोड खाटेखाली ठेवला, बाबांच्या पाया पडायला गेला, तर त्यांनी हात धरून वरच्या वर उठवलं.

तो गाडीला किक मारणार, एवढ्यात रुक्मिणबाई धावत बाहेर आल्या. पदराखाली काहीतरी होतं.

"फोटो गेला ना सायबाला?"

"गेला, आई."

"मग आता तुझ्या नोकरीला काही धोका न्हाई ना?"

"न्हाई. बाबांच्या कृपेनं वाचली."

त्यांनी मान हलवली. मग पदराखालून एक कोरी चप्पल काढून त्याच्या हातात दिली.

"ही डावी परत घेऊन जा, बाबा. उजवी ठेवून घेतली."