तिथलं खाऊन ये

नेपल्सहून निघताना कार्मिनेला आईने बजावलं होतं, "घरचं काय, घरी रोजच आहे. तिथलं खाऊन ये."

परीक्षा संपवून निघालेले तिघं मित्र आगगाडीने म्युनिक, व्हिएन्ना, प्राग करत बुडापेस्टला पोहोचले. पण गाव कुठलंही असो, कार्मिनेची पावलं पिझ्झाच्या दुकानाकडेच वळायची. पहिला घास घेतला की तो मान हलवायचा. "याला पिझ्झा म्हणत नाहीत." आणि नाक मुरडत मुरडत अख्खा पिझ्झा संपवायचा.

"आज तरी इथला प्रसिद्ध गुलाश खा रे," शेवटच्या दिवशी तिघांतली इम्मा वैतागून म्हणाली. "एवढ्या लांब काय पिझ्झे तपासायला आलायस?"

"कुणीतरी तपासायला नकोत?"

संध्याकाळी आईचा फोन आला, तेव्हा मात्र साहेब म्हणाले, "गुलाश ना? रोज खातोय, मम्मा. बोटं चाटत राहावं असा."

रविवारी दुपारी तो घरी पोहोचला, तो आईच्या रागूची स्वप्नं बघतच. पहाटेपासून मंद आचेवर रटरटणारा तो टोमॅटो-मांसाचा रस्सा त्यांच्याकडे एकही रविवार चुकत नसे. आईने पातेल्यावरचं झाकण उचललं. आत गुलाश होता.

"तुझ्यासाठी सकाळपासून खपतेय. रागू काय, पुढच्या रविवारी. तिथल्यासारखा झालाय का, तेवढं सांग."



कार्मिनेने आयुष्यातला गुलाशचा पहिला घास घेतला आणि मान हलवली. "याला गुलाश म्हणत नाहीत, मम्मा."